आमची वाटचाल : भोपळ्यात बसता आलं पाहिजे

सांगलीत ‘कपडेपट’ म्हणजे नाटकातले पोशाख, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते याच गावात. आमचा पोशाख भाड्यानं द्यायचा धंदाही नाटकाच्या मालातूनच सुरू झाला. मोठ्यांचे अंगरखे बाह्या दुमडून, कंबरेत टाचून शाळेच्या मुलांना द्यायचे. राजा, प्रधान, बिरबल असे निभावून जायचे. पण ससा-कासव, भोपळ्यातली म्हातारी, हिमगौरीचे बुटके यांची मागणी वाढली तशी ही युक्ती उघडी पडली.

मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. मोठ्याची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते, चार-पाच वर्षांच्या पोराची पाच-साडेपाचपट. मान आखूड, खांदे उतरते. मोठ्यांच्या बेतावर, म्हणजे कापायच्या नमुन्यावर, कापलेली कॉलर हनुवटीला टोचते आणि पट्टे खांद्यावर ठरत नाहीत. म्हणून मुलांचे बेत आम्ही नव्यानं काढले. छातीचे नंबर चार ठेवले : २२, २४, २६ आणि २८. टोपरी मात्र दोनच मापांची आहेत, कारण डोक्याचा घेर चौथ्या वर्षी सुमारे ५० सेंटिमीटर असतो आणि आठव्या वर्षी जेमतेम ५२. पालक छातीचं माप बरोबर आणतात आणि टोपी ‘जरा मोठीच द्या’ म्हणतात. मोठी टोपी भाषणाच्या पहिल्याच वाक्याला डोळ्यांवर येते.

पोशाख स्टेजवर दोन मिनिटं दिसतो आणि अंगात तीन तास असतो. स्नेहसंमेलनात नंबर येईपर्यंत मूल सतरंजीवर मांडी घालून बसतं, पाणी पितं, शू करून येतं. हे ध्यानात आल्यावर आम्ही पोशाख आरशासमोर पास करणं बंद केलं. उकिडवं बसायचं, दोन्ही हात वर करायचे, आणि कुणाच्या मदतीशिवाय चड्डी खाली घेता यायला हवी. हे तिन्ही जमलं तरच पोशाख भाड्याच्या फळीवर जातो. प्राण्यांचे एकसंध झबले तिसऱ्या परीक्षेत नापास झाले. आता ससा, सिंह, माकड, सगळे वर-खाली दोन तुकड्यांत आहेत.

पुढे मुखवटे गेले. मुखवट्यात घाम साचतो, आवाज घुमतो, मुलाला पायरी दिसत नाही. तोंड उघडं ठेवून प्राण्याचे कान-डोळे टोपऱ्यावर कपाळाच्या वर बसवले की प्रेक्षकांना तेवढंच पुरतं. सिंहाची आयाळ आधी तागाची होती. ताग गळतो, मानेला खाजतो, पोरं शिंकतात. आता लोकर लावतो.

सगळ्यात जास्त डोकं भोपळ्यानं खाल्लं. लेकीकडून जाडजूड होऊन परतणारी म्हातारी आत, तिचा पांढरा अंबाडा वर, आणि भोपळ्यानं टुणूक टुणूक उडी तर मारायची. भोपळ्याचा गोल धरायला आत कडं लागतं. तारेचं कडं एकदा दबलं की दबलेलंच राहतं, शिवाय टोक कापडातून बाहेर येतं. वेत मोडला की कुसळं निघतात. उत्तर शेतीच्या दुकानात होतं. ऊस-द्राक्षाच्या या पट्ट्यात ठिबकची १६ मिलिमीटरची नळी हवी तेवढी कापून मिळते, तिला सांधणारा जॉइनरही तिथंच. टोक गरम पाण्यात बुडवून जॉइनरवर चढवलं की निसटत नाही. दबलेलं कडं आपोआप गोल होतं.

२४ नंबरच्या भोपळ्याला दोन कडी लागतात. पोटाचं कडं २० इंच व्यासाचं, त्याला नळी १६० सेंटिमीटर. खालचं १५ इंचांचं, त्याला १२० सेंटिमीटर. वरच्या तोंडाला कडं नाही, इलॅस्टिक आहे, नाहीतर खांदे आत जात नाहीत. नारंगी साटीनच्या आठ फाका. प्रत्येक मध्यावर १० इंच रुंद, शिवण जाऊन ९. म्हणजे कापडाचा घेर ७२ इंच आणि कड्याचा ६३. हे वरचे ९ इंचच फाका फुगवतात. प्रत्येक शिवण कड्याला टाचली की मधे खाच पडते. घेर सारखे ठेवले तर भोपळा न दिसता ढोल दिसतो. नळी काळी असते, ती साटीनमधून दिसते, म्हणून अस्तरावर पांढरी पट्टी शिवून तीत ओवायची. कापूस भरू नये, तो तासाभरात खाली गोळा होतो.

दोन कड्यांमध्ये काड्या नाहीत, चार फिती आहेत. मूल बसलं की भोपळा आकाशकंदिलासारखा मिटतो, उठलं की सुटतो. काड्या घातल्या होत्या तेव्हा बसताना वरचा काठ थेट हनुवटीवर यायचा. खांद्याचे पट्टे पाठीवर फुलीसारखे घेतलेले आहेत, त्यामुळे उडी मारली तरी घसरत नाहीत.

लाल टोपीवालीचा झगा त्यामानानं सोपा. २४ इंच लांबीला ४४ पन्ह्याचं कापड दीड मीटर घ्यावं. अर्धगोलाची त्रिज्या २८ इंच, गळा ४ इंच त्रिज्येचा. बाजूला उरलेल्या १६ इंच पट्टीत टोपी निघते. गळ्याला नाडी मात्र नको. मागच्यानं झग्यावर पाय दिला तर नाडी गळा आवळते, वेलक्रो सुटतो. वेलक्रोची काटेरी बाजू अंगापासून लांब ठेवावी. नेटच्या फ्रॉकला आणि पऱ्यांच्या पंखांना वेलक्रो लावूच नये, एका कार्यक्रमात नेटच्या चिंध्या होतात. तिथं हूक बरे. नेट नायलॉनचं असो की पॉलिस्टरचं, पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, म्हणून दीपप्रज्वलनाला फ्रॉकवाल्या मुली समईजवळ उभ्या करू नका, असं आम्ही पावतीवरच छापलं आहे.

कासवाची पाठ पूर्वी थर्माकोलची होती. थर्माकोल तुटतो, आणि रबर सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा रबरी गोंद, लावलं तर विरघळतो. आता १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम, म्हणजे लवचिक स्पंजासारखी शीट, वापरतो. लंबगोल कापायचा, कडेनं तीन इंच खोल चार पाचरी काढायच्या, दोन्ही कडांना सोल्यूशन लावून दहा-पंधरा मिनिटं हाताला चिकटणार नाही इतकं वाळू द्यायचं आणि मग दाबायचं. पाठ आपोआप घुमटाकार होते. ओल्यावरच जोडलं तर पावसाळ्यात सांधा उघडतो. आमचे पहिले काही असेच उघडले.

भाड्याच्या कपड्यात खरी भीती उवांची. प्रत्येक टोपऱ्याच्या आत सुती कानटोपी सुटी दिली जाते. ती गरम पाण्यात धुतली जाते, टोपरं बंद पिशवीत आठवडाभर बाजूला राहतं. डांबरगोळ्या ठेवत नाही. त्यांची वाफ लहान मुलांना चांगली नाही आणि वास फरमधून जात नाही. त्याऐवजी पावसाळ्यात उघडीप मिळाली की सगळा माल सावलीत वारा खातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या मजल्यावर फक्त प्लास्टिकच्या काठ्या, गदा आणि टोपल्या असतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागलं की त्याही वर जातात.

मगर अजून जमलेली नाही. माकडाला पाठीवर घेणारी मगर दरवर्षी दोन-तीन शाळा मागतात. शेपूट लांब ठेवली की रांगेतला मागचा मुलगा तिच्यावर पाय देतो, आखूड केली की सगळे पाल म्हणतात. सध्या शेपूट टिचबटणांवर सुटी केली आहे. ती निम्म्या वेळा पिशवीतच राहते आणि बिनशेपटीची मगर स्टेजवर जाते.