तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलावर फिरणारे इंजिन तळ्यात का थांबते?

खऱ्या वाफेवर चालणारी मॉडेल बोट पहिल्यांदाच बांधणाऱ्या माणसाचा प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो. "भाऊ, इंजिन टेबलावर तासभर छान फिरतं, मग मेहरूण तलावात सोडल्यावर दोन-तीन चकरांतच का थांबतं?" प्रश्न जळगावहून येवो, भुसावळहून येवो की धुळ्याहून, विचारणाऱ्याने तोवर इंजिन खोललेले असते आणि पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह असे सगळे सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले असतात. माझे पहिले सांगणे असे, की ते इंजिन आहे तसे पुन्हा बांधून टाकावे. जे टेबलावर तासभर फिरले त्यात मोठा दोष असण्याचा संभव फार कमी आहे. इंजिन हा वाफेच्या वाटेवरचा जवळजवळ शेवटचा टप्पा आहे, आणि दोष बहुतेक वेळा त्याच्या मागे, म्हणजे आगीत, पाण्यात किंवा वाफेत असतो.

टेबलावरची चाचणी म्हणजे नेमके काय असते, हे आधी पाहू. बहुतेक जण कॉम्प्रेसरची हवा जोडून इंजिन फिरवतात. हवा कोरडी असते, ती थंड सिलिंडरमध्ये शिरली तरी तिचे पाणी होत नाही, आणि कॉम्प्रेसरची टाकी बॉयलरच्या मानाने प्रचंड असल्यामुळे दाब उतरत नाही. शिवाय इंजिनावर भार नसतो. पाव-अर्धा बार दाबावरही ते भुरभुर फिरते आणि पाहणाऱ्याला वाटते, काम फत्ते झाले. पाण्यात प्रोपेलर फिरवायचा म्हटले की हिशेब पूर्ण बदलतो, कारण प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट हवे असतील तर शक्ती आठपट लागते.

हा हिशेब एकदा कागदावर मांडावा, असा माझा आग्रह असतो. १० मिलिमीटर व्यास आणि १० मिलिमीटर स्ट्रोक असलेले, दोन सिलिंडरचे, पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे इंजिन एका फेऱ्यात सुमारे ३.१४ घन सेंटिमीटर वाफ घेते. मिनिटाला ६०० फेरे धरले तर ती सुमारे १,९०० घन सेंटिमीटर होते. गेजवर २ बार दाब असताना एक ग्रॅम पाण्याची साधारण ६०० घन सेंटिमीटर वाफ होते, म्हणजे कागदावर मिनिटाला ३ ग्रॅम पाणी पुरायला हवे. प्रत्यक्षात नळ्यांत आणि सिलिंडरच्या भिंतींवर बरीच वाफ निवते, काही ग्लँडमधून, म्हणजे पिस्टनचा दांडा बाहेर येतो तिथल्या सांध्यातून, निसटते, म्हणून दुप्पट किंवा त्याहून थोडे अधिक, समजा ७ ग्रॅम धरावे. तेवढ्या पाण्याची वाफ करायला पाण्यात सुमारे ३०० वॅट उष्णता उतरली पाहिजे, आणि निम्मी उष्णता धुराड्यातून जाते असे मानले तर बर्नर ६०० वॅटचा हवा. ज्याचा बर्नर याच्या निम्मा आहे, त्याची बोट साठलेल्या दाबावर दोन-तीन चकरा मारते आणि मग मंदावते. तिथे इंजिन कितीही वेळा खोलले तरी काही हाती लागत नाही.

बर्नर पुरेसा असूनही तळ्यात आग मंदावते, याची कारणे मला सर्वांत जास्त वेळा सापडलेली आहेत, आणि त्यांतले पहिले म्हणजे हवा. बर्नरमध्ये जळणाऱ्या ब्यूटेन गॅसचा एक भाग पुरता जळायला सुमारे ३१ भाग हवा लागते. टेबलावर बॉयलर चहूबाजूंनी मोकळा असतो; बोटीच्या पोटात तो बसवला, वरून डेक आणि केबिन चढवली, की हवेची वाट तेवढीच बारीक होते. ज्योत निळी न राहता पिवळट होते, सिरॅमिक बर्नरची तांबूस झळाळी विझत जाते आणि गॅसचा उग्र वास येऊ लागतो. परीक्षा सोपी आहे. बोट काठाशी बांधून ठेवावी, दाब धरू द्यावा, मग केबिन उचलावी. केबिन उचलताच दाबमापकाचा काटा पुन्हा चढू लागला, तर केबिनच्या बाजूंना किंवा डेकमध्ये झरोके वाढवायचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जेटमधला, म्हणजे गॅस जिथून सुटतो त्या बारीक भोकातला, कचरा हेही नेहमीचे दुखणे आहे. त्या भोकात सुई कधीही घालू नये, कारण भोक वाढले की जेट कायमचे बिघडते. थिनरमध्ये बुडवून उलट्या बाजूने हवा मारावी.

दुसरे कारण आपल्या खानदेशच्या हवामानात वर्षातून दोनदा, दोन उलट्या रूपांत भेटते. ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळते. डिसेंबरच्या सकाळी धुळ्याच्या नकाणे तलावावर पारा १० अंशांवर असेल, तर गॅसच्या टाकीत जेमतेम अर्धा बार दाब असतो. त्यातच गॅस बाहेर पडताना टाकीतली उष्णता घेऊन जातो आणि टाकी आणखी थंड होते. दहा मिनिटांनी टाकीला हात लावून पाहावा, पितळ गारठलेले असते आणि बाहेरून दव धरलेले असते. निघण्यापूर्वी टाकी कोमट पाण्यात ठेवावी, आणि बोटीत ती बॉयलरची थोडी ऊब लागेल इतक्या अंतरावर बसवावी. मे महिन्यात हीच जागा घातक ठरू शकते. ४५ अंशांना ब्यूटेनचा दाब ३ बारच्या वर जातो, ज्योत गरजेपेक्षा मोठी होते, सेफ्टी व्हॉल्व्ह सतत उडत राहतो आणि पाणी अर्ध्या वेळात संपते. म्हणून उन्हाळ्यात मधे पत्र्याचा आडोसा हवा, आणि भरलेली बोट उन्हात ठेवायची नाही. घरगुती सिलिंडरमधला गॅस या टाकीत भरण्याचा विचारसुद्धा करू नये. त्यात प्रोपेन मिसळलेला असतो, त्याचा दाब कितीतरी अधिक असतो, आणि तसे भरणे कायद्याने गुन्हाही आहे.

आगीनंतर पाणी. भुसावळच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनांवर उमर घालवलेल्या जुन्या फिटर मंडळींशी ज्यांचे बोलणे झाले आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ मध्ये संपली, तरी ही मंडळी बॉयलर म्हटले की आधी विचारतात, "पाणी कुठवर आहे?" आमच्या छोट्या बॉयलरला हा प्रश्न दोन्ही टोकांनी लागू पडतो. काठोकाठ भरला तर बोट हेलकावताच पाणी वाफेच्या नळीत शिरते आणि इंजिन गचके देत थांबते. दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश एवढेच भरावे. पाणी फार उतरले तर उघड्या पडलेल्या तांब्यावर थेट ज्योत येते. ३ बारची वाफ सुमारे १४४ अंशांची असते, पण कोरड्या तांब्याला अशी मर्यादा राहत नाही. म्हणूनच बॉयलरचे सांधे चांदीच्या झाळणाचेच हवेत, जे ६०० अंशांच्या वर वितळते. कथलाचे झाळण २०० अंशांच्या आसपासच सुटते. नवा बॉयलर आग दाखवण्यापूर्वी पूर्ण पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर तपासावा, आणि दाबमापकाचा काटा स्थिर राहिल्याखेरीज काडी पेटवू नये.

गेज ग्लासवरही, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरही, आंधळा विश्वास नको. बारीक काचेत पाणी चिकटून बसते, बुडबुडा अडकतो आणि पातळी खोटी दिसते. खालचा कॉक क्षणभर उघडून बंद करावा आणि पाणी पुन्हा कुठे येऊन थांबते ते पाहावे. पाणी डिस्टिल्ड किंवा पावसाचे वापरावे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड आहे, घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो तोच बॉयलरच्या आत धरतो, आणि उष्णता पाण्यापर्यंत पोहोचेनाशी होते.

एवढे सगळे ठीक असेल तर आता इंजिनाकडे वळावे, पण तेही खोलून नव्हे. थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ शिरली की तिचे पाणी होते, आणि पाणी दाबले जात नाही. हेलकावणाऱ्या सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर स्प्रिंगने दाबून धरलेला असतो, म्हणून ते इंजिन स्प्रिंगला मागे सारून ते पाणी सोडून देते. पिस्टन व्हॉल्व्हच्या इंजिनाला ती सोय नसते आणि बळजबरी केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या वाफेची तोटी, अगदी किंचित उघडून फ्लायव्हील हाताने मागे-पुढे फिरवत राहावे. एक्झॉस्टमधून थुंकणारे पाणी थांबून कोरडी वाफ आली, की इंजिन तापले असे समजावे. त्यानंतरही ते जड चालत असेल तर ग्लँड किती आवळली आहे ते पाहावे, आणि कपलिंग सोडून शाफ्ट बोटांनी फिरवावा. पोटात बसवताना इंजिन अर्धा मिलिमीटर जरी तिरके झाले तरी शाफ्ट एका जागी अडतो. संक्रांतीनंतर महिनाभर तरी प्रोपेलरच्या मागे गुंडाळलेला मांजा शोधावा. शेवाळ तर बारा महिने असतेच.

वंगणाचा मुद्दा राहिला, आणि तो बोट परत आल्यानंतरचा आहे. आमचा लुब्रिकेटर म्हणजे एक छोटी डबी असते. तीत वाफ निवून पाणी होते, पाणी जड म्हणून तळाशी जाते आणि तेवढेच स्टीम ऑइल वर ढकलून इंजिनाकडे पाठवते. फेरी संपल्यावर आग विझते, बॉयलर थंड होतो, आतली वाफ आकसते आणि बॉयलरमध्ये पोकळी निर्माण होते. रेग्युलेटर उघडाच राहिला असेल तर ती पोकळी लुब्रिकेटरमधले तेल उलट बॉयलरमध्ये ओढून घेते. पुढच्या वेळी त्या तेलाने पाणी फेसाळते, फेस वाफेच्या नळीतून इंजिनात जातो, आणि टेबलावर उत्तम फिरलेले इंजिन तळ्याच्या मधोमध गचके देऊ लागते. तेव्हा ज्योत विझवल्यावर रेग्युलेटर बंद करावा, काटा शून्यावर आला की सेफ्टी व्हॉल्व्ह बोटाने उचलून आत हवा जाऊ द्यावी, आणि घरी निघण्यापूर्वी लुब्रिकेटरच्या तळाचे पाणी काढून टाकावे. बॉयलरमध्ये तेल आधीच गेले असेल तर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तो आतून धुवावा, साध्या पाण्याने दोन-तीनदा खंगाळावा, आणि मगच बोट पुन्हा तळ्यावर न्यावी.