तुम्ही विचारलंत म्हणून: बोलिंगचा बॉल नक्की बनवतं कोण?

मिशिगनमध्ये लीग खेळायला लागल्यापासून मंडळातले लोक आणि आता इथे शिकायला आलेली पोरंसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात. "काका, प्रो शॉपमध्ये भिंतभर बॉल लावलेत, स्टॉर्म, हॅमर, एबोनाइट, ट्रॅक, रोटो ग्रिप, डीव्हीएट, काय न काय, एवढ्या कंपन्या खरंच आहेत का? आणि त्यातली चांगली कुठली?" (बोलिंग म्हणजे बुमराहवालं नव्हे, दहा पिना पाडायचं. घरी फोनवर सांगताना दर वेळी हा खुलासा करावा लागतो म्हणून इथेही करून टाकला.)

चांगली कुठली ते नंतर बघू. एवढ्या कंपन्या आहेत का, तर नाहीत. भिंतीवरची डझनभर नावं खरी, पण आमच्या इथल्या दुकानात दिसतो तो बहुतेक सगळा माल तीनच कंपन्यांचा. एक स्टॉर्म, युटा राज्यातल्या ब्रिगहॅम सिटीची. दुसरी ब्रन्सविक, तिचे बॉल मेक्सिकोत बनतात, टेक्सासच्या सीमेला लागून असलेल्या रेनोसा शहरात. आणि तिसरी मोटिव्ह, आमच्या मिशिगनमधल्या स्प्रिंग लेकची. छोटी नावं अजूनही आहेत, पण नवीन माणूस दुकानात शिरला की त्याच्या हातात पडणारा बॉल या तिघांपैकीच कोणाचा तरी असतो.

ब्रन्सविकचं गणित सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. कंपनी १८४५ची, सिनसिनाटीमध्ये जॉन ब्रन्सविकने सुरू केलेली, आधी बिलियर्डची टेबलं वगैरे, मग बोलिंग. तिचा मोठा कारखाना मस्केगनला होता, म्हणजे इथेच मिशिगनमध्ये, आणि २००६च्या सुमारास बॉलचं काम तिथून उचलून रेनोसाला नेलं. मग २०१४ मध्ये मूळ ब्रन्सविक कॉर्पोरेशनने आपले बोलिंग अ‍ॅली (म्हणजे खेळायच्या जागा) विकले आणि २०१५ मध्ये बॉल, मशिनं, लेन (ज्यावरून बॉल सोडतात ती लांब पट्टी) बनवायचा धंदाही वेगळा विकून टाकला. ते कॉर्पोरेशन आता बोटी आणि बोटींची इंजिनं बनवतं, त्यामुळे बोटीवरचं ब्रन्सविक आणि बॉलवरचं ब्रन्सविक यांचा आज आडनावापलीकडे संबंध नाही.

खरी उलथापालथ झाली २०१९च्या शेवटी. तोवर केंटकी राज्यात हॉपकिन्सव्हिलला एबोनाइटचा कारखाना होता, ती कंपनीही जुनीजाणती, १९०५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये रबराच्या धंद्यातून निघालेली, आणि तिने मधल्या काळात हॅमर, ट्रॅक आणि २००७ मध्ये कोलंबिया ३०० असे एकेक ब्रँड गिळले होते. ब्रन्सविकने हे चारही ब्रँड एका फटक्यात घेतले, हॉपकिन्सव्हिलचा कारखाना बंद झाला आणि सगळं रेनोसाला गेलं. म्हणजे ब्रन्सविक, डीव्हीएट, रॅडिकल हे आधीचे, त्यात एबोनाइट, हॅमर, ट्रॅक, कोलंबिया ३०० हे नवे, अशी सात नावं, कंपनी एक. रॅडिकलचं तर असं की तिची पाटी सुरुवातीला स्वतंत्र होती, मो पिनेलसारखा कोअरच्या, म्हणजे बॉलच्या आतल्या गोळ्याच्या, डिझाइनमधला नावाजलेला माणूस तिथे होता, पण बॉल तेव्हाही ब्रन्सविककडेच ओतले जायचे.

स्टॉर्मकडे तीन नावं. स्टॉर्म स्वतः, १९९७ मध्ये घेतलेलं रोटो ग्रिप, आणि २०२० मध्ये घेतलेलं ९०० ग्लोबल, जे आधी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं होतं. हो, आणि स्टॉर्मच्या बॉलला वास येतो, कधी फळांचा, कधी मिठाईचा, मुद्दाम घातलेला, माझ्या बायकोच्या मते बॉल विकत घ्यायला तेवढं एक कारण पुरेसं आहे. मोटिव्हचं सोपं, नाव एक, कारखाना एक, २००६ पासून. ब्रन्सविकने मस्केगन सोडलं साधारण त्याच सुमारास, आणि तिथून जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर हे नवीन सुरू झालं, त्यामुळे इथल्या लोकांना मोटिव्हचं जरा जास्तच कौतुक. मलाही आहे, म्हणून पुढचं जरा सावधपणेच वाचा.

आता यावर लगेच उलटा प्रश्न येतो, म्हणजे हॅमर आणि ट्रॅक सेमच ना, नुसता स्टिकर वेगळा? तसं नाही. गावात कांडपाचा डंक एकच असतो, चार घरच्या बायका आपापल्या मिरच्या नि गरम मसाला घेऊन तिथेच येतात, पण कांडून निघालेला मसाला काही सारखा नसतो. बॉलच्या आत आधी कोअर बनवतात, जड भर घातलेल्या रेझिनचा वेडावाकडा गोळा, मग तो साच्यात पिनवर टांगून भोवती बाहेरचं कव्हर ओततात. बॉलवर वेगळ्या रंगाचा टिकलीएवढा ठिपका दिसतो ना, तो त्याच पिनचा. कोअरचा आकार बदलला की बॉल वळतो कधी आणि किती ते बदलतं, आणि कव्हरच्या रेझिनमध्ये काय कालवलं, वरून किती नंबरच्या पॅडने घासलं, यावर तो तेल लावलेल्या लेनवर घसरणार की पकडणार ते ठरतं. कोअर वेगळा, कव्हर वेगळं, तर बॉल वेगळा.

पण सगळंच वेगळं असतं असंही नाही, ही गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. ब्रन्सविकच्या नव्या बॉलचे बॉक्स शेजारी ठेवून बारीक अक्षरं वाचा, एचके२२ हे एकच नाव हॅमरवर, एबोनाइटवर, ट्रॅकवर सापडेल. तो त्यांचा मूळ रेझिन, सगळ्या ब्रँडना वाटून दिलेला, त्यावर प्रत्येकाचे आपापले संस्कार. प्लास्टिकच्या स्पेअर बॉलमध्ये (पहिल्या फेकीत उरलेल्या पिना पाडायचा बॉल) तर फरक शोधायचा म्हटलं तर भिंग लागेल. एबोनाइटचा मॅक्झिम, कोलंबियाचा व्हाइट डॉट, ब्रन्सविकचा टी-झोन, यातला कुठला सरस यावर मी लोकांना पार्किंगमध्ये तावातावाने भांडताना ऐकलंय, आणि तिन्हीचे पैसे एकाच गल्ल्यात जातात. स्पेअरचा बॉल सरळ जावा एवढंच त्याचं काम, रंग आवडेल तो घ्या.

मग कोण बनवतं याने फरक पडतो कुठे? २०२२ मध्ये पडला, आणि चांगलाच. पर्पल हॅमर म्हणून एक बॉल, कव्हर युरेथेन नावाच्या रसायनाचं, तेव्हा प्रो लोकांचा फार लाडका. बॉलच्या कव्हरचा कडकपणा ड्युरोमीटर नावाच्या यंत्राने मोजतात, सुई टोचून, आणि अमेरिकेतली नियम ठरवणारी संस्था यूएसबीसी, तिची अट होती की आकडा ७२च्या खाली नको. कव्हर मऊ असलं की लेनवर पकड जास्त मिळते, म्हणून ही मर्यादा. तर २०१६ आणि २०१७ साली बनलेले पर्पल हॅमर तपासले तेव्हा त्यातले बरेच ७२च्या खाली निघाले, आणि यूएसबीसीने त्या दोन वर्षांचा माल आपल्या राष्ट्रीय स्पर्धांमधून बाहेर काढला. म्हणजे हॉपकिन्सव्हिलच्या काळातला माल. नंतर रेनोसात बनलेला बॉल, तेच नाव, तोच रंग, तोच लोगो, त्याला मात्र तेव्हा बंदी नव्हती. आमच्या लीगला ही बंदी लागू नव्हती, तरी त्या आठवड्यात जो तो आपला बॉल उलटापालटा करून सिरियल नंबर वाचत बसला होता.

हॅमरवाल्यांची मजा बघून स्टॉर्मवाले हसत होते, पण त्यांचंही हसू फार टिकलं नाही. मार्चमध्येच स्टॉर्मच्या स्पेक्टर या बॉलची मान्यता काढून घेतली होती, आणि एप्रिलमध्ये आणखी सहा बॉल राष्ट्रीय स्पर्धांमधून बाहेर. फेझ ४, इलेक्ट्रिफाय सॉलिड आणि ट्रेंड २ हे स्टॉर्मचे, यूएफओ रोटो ग्रिपचा, ऑल्टर्ड रियालिटी आणि वुल्व्हरिन ९०० ग्लोबलचे. ब्रँड तीन आणि तक्रार एकच, कडकपणाची. भिंतीवरच्या नावांमागे कोण आहे हे मी समजावून थकतो, ते त्या सहा नावांच्या यादीने एका मिनिटात समजावलं. आणि माझ्या लाडक्या मोटिव्हचं म्हणाल तर २०१६ मध्ये त्यांच्या जॅकल आणि जॅकल कार्नेजची मान्यता गेली होती, कोअरचा डिफरन्शियल (बॉल किती वळू शकेल ते सांगणारा आकडा) ०.०६०च्या मर्यादेबाहेर गेला म्हणून. तिघांनीही एकेकदा फटका खाल्लाय.

एएमएफबद्दलही विचारतात, कारण अ‍ॅलीच्या बाहेर मोठ्ठी पाटी दिसते. पाटी अ‍ॅली चालवणाऱ्या कंपनीची, पिना उभ्या करणारं मशिन क्युबिकाएएमएफ या कंपनीचं, आणि बॉलवरचं एएमएफ हे आणखी तिसरंच प्रकरण, त्याचे बॉल मधली काही वर्षं ९०० ग्लोबलवाले बनवायचे. या नावाच्या मागे लागू नका, डोकं दुखतं.

एवढी नावं ठेवतात कशाला, तर दुकानाची भिंत अडवायला. सात ब्रँड असले की सात खण मिळतात, प्रत्येक ब्रँडचे वेगळे प्रो खेळाडू, वेगळे जर्सी, दर दोन-तीन महिन्यांनी वेगळं नवीन मॉडेल. मला यात फसवणूक दिसत नाही, धंदा आहे, पण "मी हॅमरचा माणूस, एबोनाइटला हात लावणार नाही" असं कोणी छातीठोकपणे म्हटलं की मात्र हसू येतं.

राहिलं चांगली कुठली. पहिला बॉल घेताय तर ब्रँड विसरा, मध्यम ताकदीचा रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे लेनवर पकड घेऊन वळणाऱ्या कव्हरचा) घ्या, तिघांपैकी कोणाचाही, गेल्या वर्षीचं मॉडेल असेल तर स्वस्तात मिळतं. वाचलेले पैसे ड्रिलिंगवर घाला, हाताचं माप नीट घेणारा माणूस शोधा, अंगठ्याचं भोक चुकलं तर जगातला कुठलाही बॉल वाईटच. १६ पाउंडांच्या वर नियमच जाऊ देत नाही, पण तुम्हाला १६ लागतही नाही, चौदाने सुरू करा. आणि पुण्याला नेणार असाल (हेही विचारतातच) तर भोकं इथेच पाडून न्या, चेक-इन बॅगेत टाका, चौदाचा बॉल साडेसहा किलोच्या आत बसतो, २३ किलोच्या बॅगेत मग आईने सांगितलेल्या वस्तूंना किती जागा उरते ते तुमचं तुम्ही बघा.