शाल ठेवते, ट्रॉफी नको

"ताई, ही ट्रॉफी परत घेता का? शाल ठेवते, आमच्याकडे थंडी फार."

काल कर्वे रोडवरच्या हॉलमध्ये आमच्या क्लबची साप्ताहिक सभा. पाहुण्या वेल्ह्याकडच्या, मुलींचं वसतिगृह चालवतात. आधी घंटा, राष्ट्रगीत, वाढदिवस, मग त्यांची ओळख (ती वाचणाऱ्याला माइक सोडवेना). त्यांच्या वाट्याला उरली जेमतेम वीस मिनिटं. त्यातही मागच्या टेबलावर बटाटेवडे आलेले.

ट्रॉफी काचेची, चांगली जड, आणि बाईंच्या नावाआधी 'श्री.' कोरलेलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "एवढ्यात आमचा गॅस सिलिंडर येतो हो."

कुणी रागावलं नाही, उलट टाळ्या पडल्या. निधीच्या डब्यात नोटाही जरा जास्तच पडल्या. पण पुढच्या ट्रॉफ्यांची ऑर्डर आधीच गेलीय!

अशा क्लबांना नावं ठेवणं सोपं आहे. रोटरीवाले 1985 पासून पोलिओच्या मागे लागले, जगभर पैसा उभा केला. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात त्यांचाही वाटा. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

मग वक्त्याला गाडीभाड्याचं पाकीट देताना आपल्याला संकोच, आणि ट्रॉफी देताना एवढा उत्साह, असं का?