मिक्सरची ऊब आणि घूं घूं

अ‍ॅनालॉग मिक्सरने (अनेक माइकचे आवाज एकत्र करायचं यंत्र) आवाजाला ऊब येते म्हणतात. येते, पण प्रीअँपचा (माइकचा क्षीण आवाज मोठा करणारा भाग) गेन, म्हणजे वाढीचं प्रमाण, वाढवला तरच. हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) मिसळतात, आणि जरा पुढे गेलं की नुसतं फाटतं. पखवाजाची थाप तर व्हीयू मीटरला (आवाजाची सरासरी पातळी दाखवणारा काट्याचा मीटर) दिसतच नाही. काटा वर चढायला ३०० मिलिसेकंद घेतो, तोवर थाप क्लिप होऊन (मर्यादेपलीकडे जाऊन फाटून) गेलेली. म्हणून काटा शून्याच्या बराच खाली ठेवा, पीकचा (क्षणिक उच्चांकाचा) दिवा बघा.

रिकाम्या चॅनलचे (मिक्सरमधल्या न वापरलेल्या वाटांचे) फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके, खाली. उघडा चॅनल सूं वाढवतो.

सोलापुरात शेजारी यंत्रमाग असेल, तर ५० हर्ट्झची (विजेच्या पुरवठ्याची) घूं घूं ठरलेलीच समजा. ती घालवायला अर्थिंगची पिन तोडू नका (ही खोड फार!). मिक्सर आणि इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी) एकाच बोर्डवर लावा, मधे बॅलन्स्ड (बाहेरची घूं घूं कापणारी) केबल टाका.