डॉग पार्क मागताना आधी फाटक आणि पाणी बघा

मुंबई-पुण्यात डॉग पार्कसाठी सह्या भराभर जमतात. घोडं अडतं ते देखभालीपाशी. रोजची झाडलोट, कुलूप, डबा रिकामा करणं ही कामं कोणाची, हे अर्जातच लिहून द्या. त्याआधी जागा कोणाची आहे आणि विकास आराखड्यात तिच्यावर कसलं आरक्षण आहे, ते काढून ठेवा. अर्ज वॉर्ड ऑफिसला, प्रत उद्यान विभागाला, आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्यायचाच. जागा सोसायटीची असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल.

सह्या फक्त श्वानपालकांच्या नकोत. शेजारच्या इमारतीतल्या आजी-आजोबांना भुंकण्याचा त्रास होणार असेल तर ते आधीच कळलेलं बरं. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८ अशी वेळ ठरवली आणि इमारतीच्या बाजूने दाट झाडी लावली की निम्मा विरोध मावळतो. कुंपणाला कण्हेर मात्र लावू नका, ती विषारी असते.

आता फाटक. एकच फाटक असेल तर आज ना उद्या कुत्रं रस्त्यावर जाणारच. दोन फाटकं आणि मध्ये साधारण ८ बाय ८ फुटांची बंदिस्त चौकट हवी. आधी बाहेरचं लावायचं, पट्टा या चौकटीतच सोडायचा, मगच आतलं उघडायचं. मोकळ्या कुत्र्यांमध्ये पट्ट्याला बांधलेलं कुत्रं घाबरतं, पळता येत नाही म्हणून दात दाखवतं, आणि बरीच भांडणं इथेच सुरू होतात. दोन्ही फाटकं आतल्या बाजूला उघडणारी आणि स्प्रिंगच्या बिजागरीची असावीत, म्हणजे आतून कुत्र्याने अंग टाकलं तरी ती बंदच होतात. जाळी ५ ते ६ फूट उंच. तिच्या तळाशी ६ इंचांचा काँक्रीटचा कठडा घाला, नाहीतर उकरून वाट काढतात. कोपरे तिरके कापा, कारण काटकोनात अडकलेल्या कुत्र्याला माघार घेता येत नाही. १० किलोच्या आतल्या कुत्र्यांना वेगळा कप्पा हवाच. मोठं कुत्रं खेळात धडकलं तरी लहानग्याचा पाय मोडतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. काळ्या मातीवर नुसतं गवत लावलं तर दोन पावसांत चिखल होतो, आणि फाटकाजवळ तर सर्वात आधी, कारण सगळे तिथेच घुटमळतात. वरची ९ इंच माती काढा, मुरूम टाकून रोलर फिरवा, १०० फुटांना दीड-दोन फूट उतार द्या आणि कडेने चर काढा. फाटकापाशी पेव्हर ब्लॉक बसवा. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलं की लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका कुत्र्यालाही आणि माणसालाही. पाण्याचं एकच सामाईक भांडं ठेवू नका. नळ द्या, वाटी ज्याची त्याने आणावी.

प्रवेशाला कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं कार्ड बघा: रेबीज, डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्वो वगैरे आजारांची एकत्र लस) आणि लेप्टो. चार महिन्यांखालची पिल्लं आत नकोत. पार्वो या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने मरत नाही. माजावर आलेल्या मादीला तीन आठवडे घरीच ठेवायचं. गोचिडांसाठी गवत बुटकं ठेवा, पण औषध कुत्र्यालाच द्यावं लागतं, नुसती जमीन फवारून भागत नाही.

त्या जागेवर आधीपासून राहणारी भटकी कुत्रीही असतील. त्यांना उचलून दुसरीकडे सोडायचं मनातही आणू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रं पुन्हा मूळ जागीच सोडायचं असतं. कुंपण पडण्याआधी त्यांची नसबंदी करून घ्या आणि खाणं देण्याची जागा फाटकापासून लांब ठरवा. ती जागा फाटकाला लागून राहिली तर जाळीच्या दोन्ही बाजूंनी रोज भुंकाभुंकी होईल.

शी उचलायला पिशव्या आणि पायाने उघडणारा झाकणाचा डबा फाटकाशीच ठेवा, लांबच्या कोपऱ्यात ठेवला तर कोणी तिथवर जात नाही. डबा रोज रिकामा व्हायला हवा. ही शी भाजीच्या खतात घालायची नाही, कारण जंतांची अंडी घरगुती कंपोस्टच्या उष्णतेत मरतीलच असं नाही.