माघ शुद्ध अष्टमी, मुक्काम विजयदुर्ग

विजयदुर्गाच्या किल्ल्याने समुद्राची लाट अंगावर घेतल्यामुळे त्याच्या पूर्वेकडचे वाघोटन खाडीचे पाणी तळ्यासारखे निवांत असते. देवगडची घाई कोणालाच नसल्याने आजचा दिवस येथेच नांगरावर काढला.

नांगरावरचा दिवस घड्याळापेक्षा तिथीवर अधिक चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. थोडा मागेपुढे होतो, पण अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, एवढे त्यावरून सहज कळते. शिवाय भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने पाण्याची चढउतार बेताची आणि ओढही कमी होती. सकाळभर ओहोटीच्या प्रवाहाने होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाडीच्या आत वळलेली असल्याने मागच्या बाजूस बसून चहा घेताना समोर किल्ल्याचे बुरूज दिसत होते. दुपारी पाणी फिरले, पश्चिमेचा वारा सुटला आणि होडी आपणहून उलटी फिरून त्याच जागेवरून खाडीकाठची झाडी दाखवू लागली. न हलता दोन्ही बाजूंचे दर्शन घडवणारी अशी बैठक जमिनीवर मिळत नाही.

कामे किरकोळच होती. शिडाची एक उसवलेली शिवण दुरुस्त केली, दोर उन्हात पसरले आणि धक्क्यावरून बांगडे आणले. सोबतच्या तांडेलकाकांनी मात्र दोनदा नांगराचा दोर चाचपला. खोलीच्या पाचपट दोर सोडलेला असूनही त्यांचा पाण्यावर विश्वास नाही, आणि ते मला योग्यच वाटते.

दुपारी धक्क्याजवळ एकमेकींना बिलगून बांधलेल्या मच्छीमार होड्या पाहताना फेब्रुवारी १७५६ आठवल्यावाचून राहिले नाही. पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांविरुद्ध काढलेल्या त्या मोहिमेत इंग्रजांचे सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह याच बंदरात शिरले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला आणि ती आग पसरत जाऊन आंग्र्यांचे सारे आरमार येथेच जळाले. इंग्रजांच्या पराक्रमापेक्षा पेशव्यांनी आपल्याच किनाऱ्याचे आरमार बुडवण्यास साहाय्य केले, ही गोष्ट मला अधिक बोचते. किल्ला अजून उभा आहे. तो ज्यांच्यासाठी होता, ती जहाजे मात्र उरली नाहीत.

उद्या नवमी, म्हणजे भरती पावणेसातच्या सुमारास पूर्ण होईल. त्यानंतरची ओहोटी आणि जमिनीवरून येणारा मतलई वारा, दोन्ही बाहेर काढण्यास उपयोगी पडतील, आणि दुपारी वायव्येचा वारा लागला की देवगडची वाट सोपी होईल. पिण्याच्या पाण्याचे कॅन तेवढे आज रात्रीच भरून ठेवायचे आहेत.