ऑपरेशन झालं, मग औषध अजून कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भाजी घेताना माझ्या पिशवीत लॅक्टुलोजची बाटली दिसली की प्रश्न ठरलेला: "तुमच्या कुत्रीला, चिंगीला, एवढं पुण्याला नेऊन ऑपरेशन केलंत, आणि औषध चालूच?" त्यापुढचं तुम्ही भिडेखातर बोलत नाही, पण मला कळतं. आधीच बरं चाललं होतं की.

चाललं होतं, नाही कोण म्हणतंय! आतड्यांकडचं रक्त यकृतात न जाता जन्मजात आडवाटेच्या शिरेतून परस्पर पुढे जायचं, म्हणून यकृतानं काढून टाकायचा तो अमोनिया अंगात साचायचा आणि डोक्यात चढायचा. लॅक्टुलोज तो आतड्यातच अडकवून शीवाटे बाहेर काढतं. जोडीला मेट्रोनिडॅझोल नावाचं अँटिबायोटिक, अमोनिया वाढवणारं मटण-चिकन बंद, पनीर-भात सुरू. चार किलोसुद्धा न भरणारी आमची शिह त्झू त्यावर पोवई नाक्यापर्यंत दुडूदुडू जायची. "औषधानं भागतंय तर पोट कशाला फाडायचं?" असं डॉक्टरांना मीच ठणकावलं होतं. तेच वाक्य आता तुमच्याकडून ऐकावं लागतं.

मग आखाड आला. घरात पंगत, दार उघडं, पोरंबाळं आतबाहेर. चुलतसासऱ्यांचा कुत्र्यांवर फार जीव, आणि कुत्र्याला तिखट द्यायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी वाटीभर अळणी पाणी काढलं, त्यात मटणाचे तुकडे कुस्करले नि चिंगीपुढे ठेवलं. "अळणीच आहे गं." तोवर वाटी चाटूनपुसून लख्ख.

दुपार नीट गेली. रात्री भांडी आवरताना बघते तर ती ओट्याखाली गोल गोल फिरतेय, एकाच अंगाला. हाक मारली, कान हलला नाही. तोंडातून लाळेची तार. मग कपाटापाशी गेली आणि लाकडावर कपाळ दाबून उभी राहिली. मी ओढून मागे घेतली की परत तिथंच, जणू पलीकडे जायला वाट आहे. डोळ्यांपुढे हात हलवला तर पापणी लवेना. मी औषधाची पिचकारी भरली, तेवढ्यात फोनवर डॉक्टर ओरडले, "तोंडानं काही घालू नका, गिळता नाही आलं तर फुप्फुसात जाईल." त्यांनी दवाखाना उघडला, सलाईन लावलं, लॅक्टुलोजचा एनिमा दिला. घरी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या होत्या. पहाटे तिनं माझा आवाज ओळखला आणि माझ्या मांडीवरच मुतली. मला रडू आलं.

काकांना मी एका शब्दानं बोलले नाही. बोलून काय होणार? औषध कुत्रीला द्यायचं असलं तरी पथ्य अख्ख्या घरानं पाळायचं असतं, पाहुण्यांनी, शेजारच्या पोरांनी, बारशाला आलेल्या बायकांनीसुद्धा. आमचं घर तसं नाही. तसं व्हावं अशी माझी इच्छाही नाही. म्हणून ऑपरेशन.

सर्जननी त्या शिरेभोवती अमेरॉइडचं कडं बसवलं. बाहेर स्टील, आत दुधातलं केसिन. ते पोटातला ओलावा शोषून फुगतं आणि शीर काही आठवड्यांत हळूहळू बंद होत जाते. एकदम आवळली तर यकृताकडच्या शिरेत दाब वाढून जीव जाऊ शकतो. नंतरच्या दिवसांत काही कुत्र्यांना फिटचे झटके येतात, त्यातून काही वाचत नाहीत, हेही आधी सांगितलं होतं. तरी सही केली. भिशीचे पैसे त्यातच गेले, आणि ते नसते तर माझी तत्त्वं वेगळी असती, हेही लिहून टाकते.

झटके आले नाहीत. पण रक्ततपासणीत बाईल अ‍ॅसिड अजून वाढलेलंच येतं, म्हणजे रक्त यकृतात नीट पोचत नसावं, म्हणून बाटली.

फारच टोचून विचारलं की मी 2014 सालचा ब्रिटनमधला अभ्यास ऐकवते. 124 कुत्री, त्यांत ऑपरेशनवाली जास्त जगली. ऐकवताना हे मात्र गाळते की ऑपरेशनवाली 97 होती, औषधावरची फक्त 27, आणि कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं.

आता डॉक्टर म्हणतात, पुन्हा सीटी काढू. तीच शीर थोडी उघडी असेल तर परत ऑपरेशनचा विचार करता येईल. दाबामुळे नव्या आडवाटा फुटल्या असतील तर औषधच. हे म्हणतात, काढूया. माझं मत दर आठवड्याला बदलतं, आणि या आठवड्यात ते नको असं आहे.